काळं चाक, किंचाळणारा ब्रेक

श्रोतेहो, नमस्कार.

गाडी जुनी झाली की ब्रेकच्या दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. धुऊन आठवडा होत नाही तोच चाकं काळी पडतात, आणि वेग कमी करताना कानात घुसणारा आवाज येतो. दोन्हींवर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: पॅड बदलून टाका. पॅड बदलले जातात, थोडे दिवस बरे जातात, आणि आवाज परत येतो. कारण शोधलेलंच नसतं. जुन्या गाडीत पॅडच्या आसपासचं रबर आणि पिना हे खरं दुखणं असतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आज बोलायचं आहे ते पॅड बदलण्याआधी काय तपासायचं याबद्दल.

आधी ती काळी धूळ. ब्रेक दाबला की पॅड, म्हणजे पत्र्यावर चिकटवलेल्या मसाल्याची वडी, डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या थाळीवर, घासतो. त्यात पॅडचा मसाला झिजतो, आणि बिडाची डिस्कही थोडी थोडी झिजते. चाकावर बसते ती या दोन्हींची भुकटी. त्यातले लोखंडाचे कण ओलाव्याने गंजतात. फार दिवस न धुतलेल्या अलॉय व्हीलवर तांबूस ठिपके दिसतात आणि घासूनही निघत नाहीत, ते याचमुळे. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो, पुढच्या ब्रेकना जास्त काम पडतं. तेव्हा पुढची चाकं मागच्यांपेक्षा काळी असणं साहजिक आहे. नवे पॅड टाकल्यावर दोन्ही बाजूंना सारखीच धूळ वाढली, तर पॅडचा मसाला वेगळा आहे एवढंच समजावं. धातूचं प्रमाण जास्त असलेले पॅड धूळ जास्त करतात, सिरॅमिकचे कमी.

लक्ष द्यायचं ते फरकाकडे. गाडी धुण्याआधी पुढची दोन चाकं एकमेकांशी ताडून बघा, मागची दोन एकमेकांशी. डावं काळंकुट्ट आणि उजवं जेमतेम मळलेलं असेल, तर दोनपैकी एक गोष्ट घडते आहे. एक तर डावा ब्रेक सुटत नाही, पाय काढल्यावरही धरून ठेवतो आहे. किंवा उजवा ब्रेक काम करत नाही आणि सगळा ताण डाव्यावर येतो आहे. नजर आपसूक काळ्या चाकाकडे जाते, पण स्वच्छ चाकही तितकंच तपासायला हवं. पुढचं एकच चाक चकाचक राहत असेल, तर तिथला ब्रेक लागतो तरी का, हे आधी बघा.

यातलं कोणतं, ते ओळखायला एक साधी चाचणी आहे. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकचा वापर कमीत कमी ठेवून गाडी थोडा वेळ चालवा, सुरक्षित जागी हळूहळू थांबवा, आणि प्रत्येक रिमजवळ तळहात न्या. हात लावू नका, धरून ठेवणाऱ्या ब्रेकची डिस्क भाजण्याइतकी तापलेली असते. एका चाकाची धग बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त जाणवली, तर तो ब्रेक जाम आहे. लांबून तापमान दाखवणारा थर्मामीटर असेल तर उत्तमच.

आता ब्रेक जाम का होतो? पॅड धरून डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. बहुतेक गाड्यांत त्याला पिस्टन, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे सरकणारा दट्ट्या, एकाच बाजूला, आतल्या अंगाला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. या पिनांवर रबरी टोप्या असतात. टोपी फाटली की पाणी आत जातं, ग्रीस सुकतं, पिन गंजते आणि कॅलिपर सरकायचा थांबतो. मग आतला पॅड पार झिजतो आणि बाहेरचा तसाच राहतो. चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बघितलं तर दिसतो फक्त बाहेरचा, चांगला जाडजूड. मालक निर्धास्त होतो आणि आतला पॅड मागच्या पत्र्यापर्यंत झिजलेला असतो! म्हणून चाक काढून दोन्ही पॅड बघितल्याशिवाय निदान झालं असं मानू नका. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल, तर दोनपैकी एक पिन अडकली असण्याची शक्यता मोठी. चांगली पिन हाताने आत-बाहेर सरकते. तिला ब्रेकसाठीचं सिलिकोन ग्रीसच लावायचं. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा धरते.

पिस्टनची गोष्ट थोडी वेगळी. त्याला मागे आणणारी स्प्रिंग नसते. त्याच्याभोवतीची चौकोनी रबरी रिंग दाबाने किंचित पिळली जाते आणि पाय काढल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे रबर कडक झालं, किंवा पिस्टनवर गंज चढला, की ते केसभर मागे येणंही बंद होतं. तिसरं कारण सगळ्यात फसवं आहे, ते म्हणजे कॅलिपरला ब्रेक ऑइल पोचवणारा रबरी होज पाइप. बाहेरून धडधाकट दिसतो, आतून फुगलेला असतो. पायाच्या जोराने ब्रेक ऑइल पुढे जातं, परत यायला मात्र वाट मिळत नाही. एकच चाक जाम झालेलं असताना मेकॅनिकने कॅलिपरचा ब्लीड निपल, म्हणजे हवा आणि ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, जरासा ढिला केला आणि चाक मोकळं फिरलं, तर संशय होजवर. तरीही जामच राहिलं, तर कॅलिपर किंवा पिना. यानंतर ब्रेकमधली हवा काढून घ्यायलाच हवी.

आवाजाकडे वळू. पॅड डिस्कवर अडखळत घासला की थरथरतो आणि त्यातून ती किंकाळी निघते. पण आवाज केव्हा येतो, हे मेकॅनिकला सांगता आलं पाहिजे. सकाळी पहिले चार ब्रेक आवाज आणि मग शांत? रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर चढलेला गंज आहे, सोडून द्या. ब्रेक न दाबता बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि दाबला की थांबतो? पॅडला झिजेचा इशारा देणारी पत्र्याची पट्टी असते, ती डिस्कला लागली असावी. पॅड संपत आल्याची ती खूण आहे. चाकाच्या फेऱ्याबरोबर तालात खसखस? डिस्कमागचा पातळ पत्रा वाकून लागत असेल, नाहीतर खडा अडकला असेल. आणि दाबल्यावर जड खरखर, पेडलमध्ये जाणवणारी, म्हणजे लोखंडावर लोखंड.

पॅड काढलाच आहे तर त्याचा चेहरा बघा. निरोगी पॅड मंद, खडबडीत दिसतो. काचेसारखा चकाकत असेल तर तो तापून कडक झाला आहे, तो आवाज करणारच. पॉलिश पेपर मारून तात्पुरता आराम पडतो, पण तापला का, हा प्रश्न तसाच राहतो. मसाला 3 मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायचा, आणि एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच. डिस्कची किमान जाडी सहसा डिस्कवरच कोरलेली असते, तीही मोजून घ्या. पॅडमागची पातळ पट्टी, म्हणजे शिम, आणि स्प्रिंगच्या क्लिपा जुन्या गाडीत अनेकदा गायबच असतात. नवे पॅड असूनही किंचाळणाऱ्या कितीतरी गाड्या नुसत्या या क्लिपा बसवल्यावर गप्प होतात.

मागे डिस्कऐवजी ड्रम, म्हणजे बंद डब्यासारखे ब्रेक, असतील तर धूळ आतच साठते, बाहेर दिसत नाही. ड्रम उघडल्यावर शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पॅडसारखे भाग, ओले दिसले, तर बहुधा त्यांना ढकलणारा व्हील सिलिंडर गळतो आहे. ते शू पुसून परत वापरायचे नाहीत.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. आवाज थांबावा म्हणून डिस्कवर किंवा पॅडवर तेलाचा स्प्रे कधीही मारू नका. आवाज थांबेल, आणि गाडी थांबायची बंद होईल. दुसरं, ही धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या गाडीच्या जुन्या शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसांना घातक आहे. ब्रेक क्लीनरने ओलं करूनच पुसा, मास्क लावा.

नवे पॅड बसवल्यावर आधी उभ्या गाडीत पेडल कडक होईपर्यंत दाबा, मगच गाडी हलवा. नंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून पूर्ण न थांबता हळू करण्याचा प्रकार काही वेळा करा, मधे डिस्क थंड होऊ द्या. सुरुवातीला थोडी जास्त धूळ दिसेल, ती चालते. पण पेडल खाली जात असेल, ब्रेक ऑइलची पातळी एकाएकी उतरली असेल किंवा लोखंडाची खरखर येत असेल, तर गॅरेज अगदी जवळ असलं तरी गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.