दगडावरची रेघ

हिऱ्याच्या कणांची धार असलेली पोकळ नळी खडकात उतरतेय. वरून पाणी सोडलंय, नाहीतर बसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, कापताना ती तापून निकामी होईल. नळी वर घेतली की भोकात उभा राहतो अडीच सेंटिमीटर जाडीचा दंडगोल. बुडाशी तो अजून खडकालाच चिकटलेला आहे, आणि इतक्यात तो तोडायचा नाही.

आधी त्याची दिशा टिपायची. आता भोकात सरकतेय ती पितळेची नळी. लोखंडाची असती तर होकायंत्राची सुई भरकटली असती. खरं तर बसाल्टही सुईला फसवू शकतो, तो स्वतःच चुंबकीय आहे. म्हणून वरच्या तबकडीवर ही उभी काडी. तिची सावली कुठे पडली आणि घड्याळात किती वाजले, हे वहीत लिहिलं जातं. सूर्यावर चुंबकाची मात्रा चालत नाही.

ही सगळी खटपट कशासाठी, ते दगडाच्या पोटात आहे. लाव्हा थिजून घट्ट झाला तरी कितीतरी वेळ धगधगता राहतो. त्यातलं मॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज 580 अंश सेल्सिअसच्या खाली आलं, की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची त्या वेळची दिशा धरून ठेवतं. कण जागचे हलत नाहीत. त्यांच्या आतलं चुंबकत्व तेवढं त्या दिशेला बसतं आणि कोट्यवधी वर्षं तसंच राहू शकतं.

या दिशेतला कल, म्हणजे ती आडव्या पातळीपासून किती झुकलेली आहे तो कोन, फार मोलाचा. विषुववृत्तावर तो आडवा असतो, ध्रुवावर उभा, आणि 30 अंश अक्षांशावर साधारण 49 अंशांचा. म्हणजे दगडातला कल मोजला, की तो कोणत्या अक्षांशावर जन्मला ते कळतं. रेखांश मात्र यातून मिळत नाही. एका थराच्या भरवशावरही राहता येत नाही, कारण चुंबकीय क्षेत्र सतत थोडं डोलत असतं. म्हणून थरामागून थर, भोकामागून भोक.

प्रयोगशाळेत मोजमापाआधी दगड स्वच्छ करावा लागतो. मधल्या काळात त्यावर नवं चुंबकत्व चढलेलं असतं, कधी वीज पडून, कधी नुसतंच काळाच्या ओघात. ही भट्टी बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रापासून झाकलेली आहे. 100 अंश, थंड करा, मोजा. 200, पुन्हा मोजा. पडद्यावरचे ठिपके बघा, प्रत्येक मोजमापाचा एक: आधी वाकडेतिकडे, आणि मग एका सरळ रेषेत शून्याकडे निघालेले. ती रेषा म्हणजे दगडाची मूळ दिशा.

खंड सरकतात, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 मध्ये मांडलं. फार थोड्यांनी मानलं, आणि 1930 मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्यांचा अंत झाला. 1950च्या दशकात दगड त्यांच्या बाजूने बोलू लागले. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांनी चुंबकत्व मोजणारा अतिसंवेदनशील मॅग्नेटोमीटर बांधला होता तो वेगळ्याच कल्पनेसाठी: फिरणारी वस्तू निव्वळ फिरण्यामुळे चुंबक होते का? उत्तर नकारार्थी आलं, आणि उपकरण खडकांकडे वळलं. त्यांच्या गटाने दख्खनचा बसाल्ट तपासला. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा हा लाव्हा थिजला तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. तिकडे भूभौतिकशास्त्रज्ञ कीथ रनकॉर्न आणि एडवर्ड आयर्विंग यांनी युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या खडकांवरून चुंबकीय ध्रुवाचा जुना माग काढला. ध्रुव तोच, पण दोन खंडांचे दोन वेगळे माग निघाले. मधला अटलांटिक मिटवून खंड जवळ आणले, की हे माग बरेचसे एकावर एक बसत होते.

पुढच्या दशकात भूपट्ट सिद्धान्त उभा राहिला: पृथ्वीचं कवच सरकत्या तुकड्यांचं आहे. हिमालय का उंचावला, भूकंपांचे पट्टे कुठे आणि का, हे उलगडलं.

दगडांच्या कलावरून काढलेला प्रत्येक जुना अक्षांश दंडगोलावर ओढलेल्या एका रेघेवर उभा होता. दिशा न टिपता उचललेला दगड कितीही प्राचीन असो, तो कुठून आला हे त्याला सांगता येत नाही.

पितळी नळीच्या फटीतून तार आत जातेय. दंडगोलावर बारीक, सरळ रेघ उमटली. सावलीची वेळ वहीत चढली.

आता तोडा.