४० वॉटचा खोका आणि आईचा पखवाज : ब्लूटूथ स्पीकर घेताना मी काय बघतो

नमस्कार मंडळी. (खोका कॅमेऱ्यासमोर धरून) हे बघा, खोक्यावर केवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, ४० वॉट. कंपनीचं नाव मी अंगठ्याखाली झाकलंय, ते जाऊ दे. दिवाळीच्या ऑफरमध्ये आईसाठी घेतला होता, ती सकाळी स्वयंपाक करताना फोनवर अभंग लावते आणि आवाज मोठा यावा म्हणून फोन पातेल्यात ठेवते, तुमच्याकडे पण करतात का हे? तर म्हटलं आता पातेलं सुटेल. आणला, चार्ज केला, लावला. दोन मिनिटं ऐकून आई म्हणाली, "अरे, यात पखवाज कुठाय?"

तेव्हा मी पहिल्यांदा खोका उलटा केला. तुम्ही घ्यायच्या आधी करा. इथे खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, बॅटरी १२०० एमएएच, ३.७ व्होल्ट, प्लेटाइम ६ तास. आता शाळेतलं गणित, १२०० एमएएच म्हणजे १.२ अँपिअर-तास, आणि १.२ गुणिले ३.७ म्हणजे साधारण साडेचार वॉट-तास. खरंच सलग ४० वॉट ओढले तर ही बॅटरी सात मिनिटंसुद्धा टिकणार नाही, आणि ६ तास चालवायची तर सरासरी पाऊण वॉटच्या आत बसायला पाहिजे.

आता लगेच सगळ्यांना चोर म्हणू नका हां. सरासरी सगळ्यांचीच कमी असते. उदाहरणाला जेबीएल कंपनीचा फ्लिप ६ हा स्पीकर घ्या, त्याची बॅटरी ४८०० एमएएच, म्हणजे सतराएक वॉट-तास, कंपनी १२ तास सांगते, म्हणजे तिथेही सरासरी दीड वॉटच्या आतच. पण त्याचे जे ३० वॉट आहेत, २० मोठ्या स्पीकरला आणि १० ट्वीटरला, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरला, ते आरएमएस आहेत, म्हणजे सलग देता येणारी ताकद, जोरात ठोका पडला की तेवढी ताकद द्यायची तयारी आहे. म्हणून वॉटच्या पुढे आरएमएस लिहिलंय का ते बघायचं, आणि पीएमपीओ, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, दिसला की खोका गुपचूप जागेवर ठेवायचा. आणि अजून एक, वॉट दुप्पट केले म्हणून आवाज कानाला दुप्पट लागत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो, म्हणजे थोडासाच. दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. त्यामुळे १४ वॉटचा घेऊ का १६ चा, असं विचारणाऱ्यांनी चहा प्यावा.

बरं, पखवाज गेला कुठे? तो खालच्या सुरात असतो. डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची धुमधुम, हे वाजवायला हवा ढकलावी लागते, आणि रुपयाच्या नाण्याहून थोड्याच मोठ्या स्पीकरने किती हवा ढकलायची? स्पीकर किती खालच्या सुरापर्यंत जातो हा आकडा कंपन्या हर्ट्झमध्ये देतात, जितका कमी तितका सूर खालचा, पण कोणी बघत नाही. तळहाताएवढ्या जेबीएल गो ३ चा आवाज ११० हर्ट्झपासून सुरू होतो, फ्लिप ६ चा ६३ पासून. मधलं जे आहे तिथेच आईचा पखवाज बसलेला असतो. लहान डब्यात गायकाचा आवाज येतो, टाळ तर नको इतके येतात, पण घुमारा नाही.

(स्पीकर आडवा धरून) ही टोकाची रबरी चकती दिसतेय? हिला पॅसिव्ह रेडिएटर म्हणतात. हिला वायर नसते, आतल्या हवेच्या दाबाने ही हलते आणि बेसला हात देते. म्हणून असा स्पीकर या टोकावर उभा ठेवायचा नाही, चकती दाबली जाते. उलट भिंतीजवळ किंवा कोपऱ्यात ठेवा, बेस फुकट वाढतो. स्टीलच्या मांडणीवर मात्र नको, सगळ्या वाट्या किणकिणायला लागतात. आमच्याकडे खाली घडी घालून जुना नॅपकिन ठेवलाय.

आता ज्याच्यासाठी घेताय त्याचा विचार. पहाटे साडेपाचला आईने बटण दाबलं की हा ४० वॉटवाला फुल आवाजात ओरडायचा, "द ब्लूटूथ डिव्हाइस इज रेडी टु पेअर", अख्खं घर जागं. हा आवाज कमी करता येतो का, बंद करता येतो का, घ्यायच्या आधी विचारा, मी हसण्यावारी नेत नाहीये. दुसरं, स्पीकर आधी जोडलेला फोन लक्षात ठेवतो, त्यामुळे आईने चालू केला आणि माझा फोन जवळ असला की तो मलाच येऊन चिकटतो, याचं पुढे बोलू. आजी-आजोबांसाठी घेत असाल तर मेमरी कार्डची खाच आणि एफएम असलेला बघा, जोडाजोडीचा प्रश्नच मिटतो. स्पीकरवरून फोन कॉल घ्यायचे असतील तर माइक आहे का तपासा, फ्लिप ६ ला माइकच नाही, गो ३ ला पण नाही.

आवाज तुटतो अशी तक्रार बरेच जण करतात. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, मायक्रोवेव्ह पण तिथेच, आणि आपलं शरीर म्हणजे पाण्याची पखाल, ते ह्या लहरी शोषतं. फोन मागच्या खिशात आणि स्पीकर तुमच्या पुढ्यात असेल तर मध्ये तुम्हीच आहात ना! फोन ओट्यावर ठेवून बघा आधी.

पाण्याचं पटकन सांगतो. खोक्यावर आयपी ६७ असं लिहिलं असेल तर त्यातला ६ धुळीचा, ७ पाण्याचा, म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स ७ असेल तर धुळीबद्दल काहीच सांगितलेलं नाही. आणि ती पाण्याची टेस्ट गोड्या पाण्यातली असते, तारकर्लीला समुद्रात बुचकळलात तर नळाखाली धुवा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंगला लावू नका. (आणि गडावर न्यायला स्पीकर शोधत असाल तर प्लीज दुसरं चॅनल बघा.)

गेम खेळणाऱ्यांना आणि कराओकेवाल्यांना एकच, ब्लूटूथला आवाज जरा उशिरा पोचतो. व्हिडिओत फोन बऱ्याचदा सांभाळून घेतो, गेममध्ये गोळी आधी आणि आवाज नंतर. आयफोनवाल्यांनी एलडीएसीसाठी, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त चांगला आवाज पाठवायच्या पद्धतीसाठी, जास्त पैसे देऊ नका, आयफोन ते पाठवतच नाही, एएसी नावाची दुसरी पद्धत पुरे.

दुकानात गेलात की दुकानदार त्याचं धडधडवालं गाणं लावणार. लावू द्या, मग स्वतःचा फोन जोडा. आधी नुसतं बोलणं लावा, बातम्या किंवा कीर्तन, माणूस डब्यात बसून बोलतोय असं वाटतंय का बघा. मग ढोलकीचं काहीतरी. मग आवाज फुल करा आणि दहा पावलं मागे जा. फुल आवाजात बेस थोडा कमी होणारच, बरेच स्पीकर स्वतःला वाचवायला तो कापतात, पण खरखर आली तर नको. ऑनलाइन घेतला असेल तर हेच सगळं पहिल्याच संध्याकाळी करा, परत करायची मुदत संपायच्या आत, मी चार आठवडे "सेट होईल" म्हणत बसलो आणि...

थांबा. (आत स्वयंपाकघरातून माझाच आवाज येतोय) मगाशी शूट केलेला तुकडा तपासायला लावला होता ना फोनवर, तो आईच्या स्पीकरवर वाजतोय. हो गं आई, काढतो, काढतो ब्लूटूथ!