पाहुणचाराला वेल्श भाषेत काय म्हणतात?

नमस्कार मंडळी! आज एकच शब्द घेऊन बसलेय. ल्हेतगारुख. 'ल' म्हणताना जीभ टेकते तशी टेकवा आणि आवाज न काढता कडेनं नुसती हवा सोडा. जमलं? शेवटचा 'ख' घशातून, आणि जोर 'गा'वर. वेल्समध्ये पाहुणचाराला हा शब्द आहे.

आता त्याची फोड करू. 'ल्हेती' म्हणजे मुक्कामाची जागा. 'गार' आलाय 'कारी'वरून, म्हणजे प्रेम करणं. 'उख' हा आपल्या 'पणा'सारखा प्रत्यय. थोडक्यात, दुसऱ्याला आसरा देण्याची मनापासून आवड.

पण 'क'चा 'ग' कसा झाला? आपल्याकडे वाक् आणि ईश मिळून वागीश होतो, तसंच काहीसं. वेल्सच्या हद्दीवरच्या पाटीवरही हे दिसतं. वेल्श भाषेत वेल्सचं नाव कमरी, पण पाटीवर लिहिलेलं असतं 'क्रोइसो इ गमरी', म्हणजे वेल्समध्ये स्वागत. आणि मला फार आवडलेली गोष्ट सांगते: हे 'कारी' आणि संस्कृतातला इच्छा या अर्थाचा 'काम', दोघांचं मूळ एकच मानतात. कुठे वेल्स, कुठे आपण!

ही आवड प्रत्यक्षात कशी दिसायची, ते जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूनं लिहून ठेवलंय. 1188 मध्ये तो आर्चबिशप बाल्डविनसोबत वेल्सभर फिरला होता. पुढे त्यानं तिथल्या लोकांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. तो सांगतो, वाटसरूला "राहू का?" असं विचारावंच लागत नाही. सरळ घरात शिरायचं आणि हत्यारं यजमानाच्या हवाली करायची. मग पाय धुवायला पाणी येतं. आपल्याही जुन्या घरांत यायचंच की! पण तिथे त्या पाण्यातच प्रश्न असतो. पाय धुतले, तर पाहुणा रात्री मुक्कामाला. नको म्हटलं, तर थोडं खाऊन पुढे जाणार. कुणी कुणाला अवघडून टाकत नाही. मला हे फार सुंदर वाटतं.

संध्याकाळपर्यंत हार्प, म्हणजे बोटांनी छेडायचं तारांचं वाद्य, वाजत राहायची. जेवायला टेबल नाही, की कापड नाही. खाली ताजं गवत आणि रोज भाजलेली पातळ, रुंद भाकरी. घरधनी आणि घरधनीण मात्र उभे. सगळ्यांना काय हवं-नको ते बघायचे, आणि पाहुण्यांची पोटं भरल्यावरच स्वतः जेवायला बसायचे.