नकाशावरचा किनारा कोणत्या घटकेचा?

किनाऱ्याची धूप नकाशावर कशी मोजायची, हे सांगण्यासाठी मला इथे बोलावले आहे आणि ते मी सांगणारच आहे; परंतु त्याआधी माझी एक जुनी तक्रार आपण ऐकून घ्यावी. एका बैठकीत भिंतभर नकाशा लावला होता. त्यावर जुनी किनारारेषा निळी, नवी लाल आणि मधल्या पट्ट्यावर, समुद्राने इतकी जमीन गिळली, असे ठसठशीत अक्षरांत लिहिलेले. मी विचारले, "ही दोन उपग्रहचित्रे घेतली तेव्हा पाणी कुठे होते?" उत्तर आले, "समुद्रात." हसू नका, उत्तर चूक नव्हते.

पुळणीचा उतार १:५० असेल, तर पाण्याची पातळी १ मीटर चढताच पाण्याची कड ५० मीटर आत येते. म्हणजे वाळूचा कणही न हलता कागदावर ५० मीटर धूप होते, आणि चित्रांचा क्रम उलटा असता तर तितकीच जमीन फुकटात परत मिळाली असती. हा उपाय मात्र त्या बैठकीत कोणी सुचवला नाही. लँडसॅट उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी दहाच्या सुमारास डोक्यावरून जातो, तेव्हा परिस्थिती दर वेळी सारखीच असणार, असा युक्तिवादही मी ऐकला आहे. उपग्रह वेळेचा पक्का आहे खरा, पण भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, त्यामुळे त्याच दहाच्या ठोक्याला एका चित्रात भरती असते तर दुसऱ्यात ओहोटी. शिवाय वादळी लाटा पुळणीची वाळू ओढून पाण्याखाली नेतात आणि शांत ऋतूत त्यातली बरीचशी परत येते. या दोन ऋतूंतली चित्रे शेजारी ठेवली, तर कोणताही किनारा मरणासन्न दिसेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून कबूल केलेली पद्धत आता धावतपळत सांगतो. दोन चित्रांवर निकाल देऊ नये. लँडसॅटची ३० मीटर तपशिलाची, म्हणजे एक ठिपका जमिनीवर ३० मीटरचा असलेली, आणि सेंटिनेल-२ या उपग्रहांची २०१५ पासूनची १० मीटरची चित्रे विनामूल्य मिळतात. हिरवा प्रकाश आणि लघुतरंग अवरक्त किरण यांच्या परावर्तनाची तुलना करून पाणी व जमीन वेगळी काढावी, भरतीची नोंद आणि पुळणीचा उतार वापरून सगळ्या रेषा एकाच पातळीवर आणाव्यात, किनाऱ्याला समांतर आधाररेषा आखून तिच्यावर लंब छेदरेषा टाकाव्यात आणि प्रत्येक छेदरेषेवर किनारा वर्षागणिक कसा सरकला, त्याचा वेग काढावा. वेगाशेजारी त्रुटीची मर्यादा लिहिलीच पाहिजे. वर्षाला अर्धा मीटर धूप आणि त्रुटी एक मीटर असेल, तर त्या आकड्यावर बंधारा बांधायला निघू नये. १९८४ ते २०१६ या काळातील चित्रांवर आधारलेल्या, २०१८ मधील जागतिक अभ्यासात २४ टक्के वालुकामय किनारे वर्षाला अर्ध्या मीटरहून अधिक वेगाने झिजताना आढळले, तर २८ टक्के वाढताना. रेषेवरून वाळूचे घनफळ मात्र कळत नाही. त्यासाठी ड्रोनने किंवा लायडारने, म्हणजे लेसर किरणांनी अंतर मोजणाऱ्या यंत्राने, पुळणीची उंची मोजावी लागते, आणि त्याविषयी ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी प्रश्नोत्तरांत मला गाठावे.