सैल सोडलेला दोर

मित्रहो, विषय सत्तेचा आहे, पण मी सुरुवात सुट्टीपासून करतो.

फ्रेडरिक डग्लस अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला, १८३८ मध्ये निसटला आणि १८४५ मध्ये त्याने आत्मचरित्र छापलं. त्यात नाताळ ते नववर्ष या दिवसांबद्दल काही पानं आहेत. ती मी पुन्हा पुन्हा वाचतो. या दिवसांत गुलामांना शेतावर जावं लागत नसे. त्यांच्यातले कष्टाळू लोक झाडू बांधत, चटया आणि टोपल्या विणत. काही जण शिकारीला जात. पण मालकांना हे फारसं रुचत नसे. सुट्टीत जो काम करतो तो सुट्टीच्या लायकीचाच नाही, असं त्यांचं मत. त्यांना हवा होता नाचणारा, कुस्त्या खेळणारा आणि मुख्य म्हणजे पिणारा गुलाम. कोण सर्वांत जास्त व्हिस्की रिचवूनही शुद्धीवर राहतो, यावर मालक पैजा लावत. नाताळात न पिणं ही लाजिरवाणी गोष्ट होऊन बसली होती.

डग्लस म्हणतो, ही सुट्टी म्हणजे बंडाची वाफ सोडणारी झडप होती. हा दृष्टान्त आपल्याला लगेच पटतो, कारण कुकरची शिट्टी सगळ्यांनी ऐकलेली असते. पण त्याचं पुढचं निरीक्षण मला जास्त खोल वाटतं. चार-पाच दिवस पिऊन, लोळून माणसं उठत तेव्हा त्यांना स्वतःचीच शिसारी आलेली असे आणि शेतावर परत जाताना थोडं बरंच वाटे. स्वातंत्र्य म्हणजे हेच असेल तर गुलामी काय वाईट, असं त्यांच्या मनात येई. त्यांना जे चाखायला दिलं होतं ते स्वातंत्र्य नव्हतंच, पण नाव त्याला तेच होतं.

प्राचीन रोममध्ये डिसेंबरात सॅटर्नेलिया नावाचा सण असे. गुलाम मालकांच्या पंगतीला बसत, एरवी बंदी असलेला जुगार उघडपणे चाले, कुठे कुठे मालक स्वतः गुलामांना वाढत. सण संपला की ज्याची जागा त्याला. मुभा खरी होती आणि आनंदही खरा होता. फक्त ती कधी सुरू व्हायची आणि कधी संपायची, हे ठरवणारा दुसराच कुणीतरी होता. कुठल्याही सवलतीला मी हा एकच प्रश्न विचारतो: दोर सैल आहे हे दिसतंय, पण त्याचं टोक कुणाच्या मुठीत आहे?

मी पूर्वी जिथे नोकरी करत होतो, तिथे एका वर्षी शुक्रवारी हवे ते कपडे घालून यायची परवानगी मिळाली. त्याच परिपत्रकात खाली, बारीक टाइपात, जादा तासांचा मोबदला बंद केल्याची ओळ होती. आम्ही दोन आठवडे कपड्यांबद्दल बोललो. कोण काय घालून आलं, साहेबांना टी-शर्ट कसा दिसतो, याचीच चर्चा. खालची ओळ मीही वाचली होती. तिच्याबद्दल मी एक अक्षर काढलं नाही, कारण वातावरण इतकं मोकळं झालं होतं की तक्रार करणारा माणूस खडूस ठरला असता. हे मला आजही सलतं.

आता पडद्याकडे येऊ. सिगफ्रीड क्राकाउअर या जर्मन लेखकाने १९२७ मध्ये एका वृत्तपत्रातून चित्रपट आणि दुकानांत काम करणाऱ्या मुली यांच्यावर लेखमाला लिहिली. पडद्यावर गरीब मुलीला श्रीमंत तरुण मिळतो, ती वर उचलली जाते, प्रेक्षक रडतात. क्राकाउअरचं म्हणणं असं, की एकीला वाचवणं हा सगळ्यांना न वाचवण्याचा सोयीस्कर मार्ग आहे. जवळजवळ शंभर वर्षं झाली, गोष्टीचा साचा तोच आहे. मालिकेत नोकर माजोरड्या शेठला भर सभेत सुनावतो आणि दिवसभर बोलणी खाल्लेला माणूस फोनवर तो तुकडा तीनदा पाहतो. त्याच्या छातीतली धडधड खरी असते. राग आला, राग व्यक्त झाला, न्याय मिळाला. सगळं तीन मिनिटांत. सकाळी तो रांगेत उभा राहून ओळखपत्र यंत्रावर टेकवतो. काल रात्रीचा राग शिल्लक असता तर त्याने शेजारच्या माणसाशी तरी तो विषय काढला असता.

म्हणून मालिका पाहणारे मूर्ख असतात, असं कुणी म्हटलं की मला चीड येते. हर्बर्ट मार्क्यूझ या जर्मन-अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६० च्या दशकात सहिष्णुतासुद्धा दडपशाहीच्या कामी येते असं दाखवून दिलं, ते बरोबर आहे. पण त्याच्या वाचकांपैकी कितीतरी जण तेवढ्यावर सामान्य माणसाच्या सुखाला तुच्छ लेखू लागले. थकलेल्या माणसाला विसावा लागतो. त्या विसाव्यात तो एकटा असतो की चौघांत, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

जमैका या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीत १८३१ चा नाताळही सुट्टीचाच होता. सॅम्युएल शार्प हा गुलाम बॅप्टिस्ट पंथाचा उपदेशक होता. तो वर्तमानपत्रं वाचायचा. गुलामीविरुद्ध इंग्लंडमध्ये काय चाललंय हे त्यातून त्याला कळायचं, आणि प्रार्थनेनंतर तो ते इतरांना सांगायचा. गुलामांना एकत्र जमायला परवानगी होती ती प्रार्थनेसाठी. तिथेच बेत ठरला: सुट्टी संपली की मजुरीशिवाय कामावर जायचं नाही. २७ डिसेंबरच्या रात्री केन्सिंग्टनच्या मळ्यावर आग दिसली आणि बंड पश्चिम जमैकाभर पसरलं. ते चिरडलं गेलं. तीनशेहून अधिक लोकांना मृत्युदंड झाला आणि मे १८३२ मध्ये शार्पलाही फाशी दिली. पुढच्या वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामी रद्द करण्याचा कायदा केला.

दिवस तेच होते, नाताळाचे. दिले होते मालकांनीच.