हनुवटीवरचे केस: ठेवायचे की काढायचे, आणि काढायचे तर कसे

आज हनुवटीवरच्या राठ केसांबद्दल बोलू. टेस्टोस्टेरॉन हे राठ केस वाढवणारं हार्मोन प्रत्येक बाईच्या शरीरात असतं, आणि केसांची मुळं त्याला कमीजास्त दाद देतात. पीसीओएसमध्ये (बीजकोशांशी निगडित हार्मोनच्या बिघाडात) असे केस येतात, पाळी जाण्याच्या वयातही येतात. ट्रान्स स्त्रियांचे अंगावरचे केस हार्मोन घेतल्यावर विरळ होतात, पण दाढी आपोआप जात नाही. या सगळ्या बायकाच आहेत, पूर्ण बायका. चेहऱ्यावरच्या केसांनी त्यात काही कमी होत नाही.

डॉक्टर हे केस मोजतात, ते कारण शोधायला. १९६१ साली फेरीमन आणि गॉलवे यांनी मांडलेली पद्धत सुधारून आजही वापरतात: वरच्या ओठापासून मांडीपर्यंत ९ जागा, प्रत्येक जागेला ० ते ४ गुण. केस थोड्याच महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा पाळी थांबली, तर पार्लरच्या आधी डॉक्टर गाठा.

आता काढण्याबद्दल. रेझरने केस दाट होत नाहीत. मूळ त्वचेखाली जसंच्या तसं राहतं, फक्त कापलेलं टोक बोथट असल्यामुळे हाताला टोचतं. चेहऱ्यावर रेझर फिरवायला बायकांनी लाजायचं काहीच कारण नाही.

लेझरमध्ये मात्र बरंच बिघडू शकतं. त्याचा प्रकाश केसातलं मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, शोषतं आणि त्या उष्णतेने मूळ भाजतं. म्हणून आधीचे चार आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा सगळं बंद. मूळच उपटलं, तर लेझर भाजणार काय? रेझर चालतो. त्वचा सावळी असेल तर तिच्यातलं मेलॅनिनही तापतं आणि डाग पडतात. अशा त्वचेला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित. कुठलं यंत्र वापरणार, हे पैसे भरण्याआधी विचारा. सहा-आठ बैठका लागतात, आणि हार्मोनचं कारण कायम असेल तर पुढेही अधूनमधून जावं लागतं. चेहऱ्यावर कधी कधी लेझरनंतर उलट केस वाढतात. तसं दिसलं तर लगेच सांगा. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, तिथे इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेने मूळ मारणं. एकेका मुळात सुई घालावी लागते, त्यामुळे वेळ खूप जातो.

केस कमी करायला डॉक्टर गोळ्याही देतात, त्यांचा फरक दिसायला साधारण सहा महिने लागतात. त्यातली स्पायरोनोलॅक्टोन गरोदरपणात घेत नाहीत, त्यामुळे मूल हवं असेल तर आधीच सांगा.

आणि काढायचेच नसतील? कारण तपासून झालं असेल, तर केस तसेच ठेवल्याने तब्येतीला कसलाही अपाय होत नाही.