आधी पोंगा बघा, मग दुकानात जा

अध्यक्ष महाराज, सरपंच, आणि मागे मोटारसायकलवर बसूनच ऐकणारे तरुण मित्रहो,

फलकावर विषय लिहिलाय, ‘मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचे एकात्मिक व्यवस्थापन’. तिचा प्रवास तुम्हाला माहीत आहे. आफ्रिकेत २०१६ ला नोंद, कर्नाटकात मे २०१८ ला, आणि त्याच वर्षी सोलापूर भागात उसावर हजर. या अळीचा पतंग वाऱ्याच्या साथीनं एका रात्रीत शंभर किलोमीटर जातो. आपल्या सिल्लोडच्या एसटीला हे जमत नाही, म्हणून तिच्यावर राग धरू नका.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे, आणि आज तो काढणार आहे. एक शेतकरी दुकानात जाऊन म्हणाला, ‘पानाला भोकं पडलीत.’ मका किती दिवसांचा, अळी केवढी, कुणीही विचारलं नाही. काउंटरवर अळीचं औषध आलं, मग बुरशीचं आलं, मग टॉनिक. वर ‘काका, स्टिकर घ्या, चिकटून राहतं.’ बुरशी कुठे होती? बिलात होती! (हशा) हसताय, म्हणजे तुमच्याही घरात ते बिल आहे.

त्यानं भर दुपारी बाराला पंप पाठीवर घेतला आणि नोझल बाजूला धरून पानं ओली करत सुटला. दोन दिवसांनी मी त्याच्याबरोबर शेतात गेलो. एक पोंगा, म्हणजे मक्याच्या शेंड्याची कोवळ्या पानांची सुरळी, उपटून उभा चिरला. आत लाकडाच्या भुश्शासारखी ओली विष्ठा गच्च भरलेली, आणि तिच्याखाली अळी. डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. चांगली बोटभर, ठणठणीत. औषध वरच राहिलं, तिच्यापर्यंत गेलंच नाही. टॉनिक मात्र लागू पडलं होतं, मका काळाभोर हिरवा. खायला आणखी बरा.

दुकानदारांवर माझं वैर नाही, दोघे-तिघे इथेच बसलेत, चहाही त्यांचाच आहे. पण बाटली घेण्याआधी बांधावरून आत शिरा. वाकडंतिकडं फिरत पाच ठिकाणी वीस-वीस झाडं बघा, म्हणजे शंभर झाली, टक्केवारीला गणित नको. लहान अळी पान खरवडते, नुसता पांढरा पापुद्रा राहतो. तिथेच तिला गाठायचं. मोठी झाली की पोंग्यात दडते. तिथे एकमेकींनाही खातात, म्हणून एका पोंग्यात बहुधा एकच सापडते. बाकीच्या तिनंच संपवलेल्या असतात, आपल्या औषधानं नव्हे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मग आता भराभर.

पिकाची काढणी झाली की खोल नांगरट करा, कोष मातीतच असतो, वर आला की पाखरं टिपतात. पेरणी शिवारात सगळ्यांनी एका आठवड्यात उरका. एकाचा मका गुडघ्याएवढा, दुसऱ्याचा नुकता उगवलेला, मग पतंगाला बारमाही पंगत. बियाण्याला शिफारशीची प्रक्रिया करा, पहिले दोन-तीन आठवडे निभतात. तूर, उडीद, मुगाचं आंतरपीक घ्या. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगाला ओढणारे, एकरी पाच लावा, पतंग आले हे कळण्यासाठी. पानावर केसाळ अंडीपुंज दिसला की चुरगळा, एका पुंजात शंभर-दोनशे अंडी असतात. ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीची अंडी संपवणाऱ्या मित्रकीटकांचं कार्ड, लावलं असेल तर त्याच आठवड्यात रसायन मारू नका, नाहीतर आपलेच मित्र मरतील.

शंभरात पाच झाडांवर खरवडल्याच्या खुणा दिसल्या तर पाच टक्के निंबोळी अर्क. दहाच्या वर गेली तर इमामेक्टिन बेंझोएट हे कीटकनाशक, लिटर पाण्याला ०.४ ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी, नोझल थेट पोंग्यात. दरवेळी तेच औषध नको, गट बदला. अळ्या मोठ्या झाल्या असतील तर विषारी आमिष: दहा किलो भाताचा कोंडा, दोन किलो गूळ, दोन-तीन लिटर पाण्यात कालवून एक दिवस आंबवायचं, टाकायच्या अर्धा तास आधी शंभर ग्रॅम थायोडिकार्ब हे कीटकनाशक मिसळायचं, आणि चिमूटभर पोंग्यात. हातमोजे घालूनच. मुरघासाच्या, म्हणजे मुरवून साठवायच्या, किंवा हिरव्या चाऱ्याच्या मक्यावर रासायनिक फवारणी नको. तुरे बाहेर पडल्यावर तर कुठल्याच मक्यावर नको, तेव्हा अळ्या हातानं वेचा.

कामगंध सापळ्यातलं वासाचं आमिष किती दिवसांनी बदलायचं, असा प्रश्न मागून आलाय. पाकिटावर लिहिलेलं असतं, पाकीट फेकू नका. आणि ज्यांनी पोंगे पिशवीत आणलेत त्यांनी ते इथे उघडू नका, सतरंजी दुसऱ्याची आहे. बाहेर निंबाखाली टेबल मांडलंय, तिकडे चला.